कानस, गुण्या आणि डायरेक्ट सेकंड इयर

(दृश्य: शासकीय तंत्रनिकेतनाचं फिटिंग शॉप. व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, घट्ट धरलेली लोखंडी पट्टी, तिच्यावर फिरणारी कानस, म्हणजे लोखंड घासायचं हत्यार.)

५० बाय ५० ची पट्टी, ६ मिलिमीटर जाड. शॉपच्या भाषेत 'जॉब'. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना नाही. म्हणून जोर फक्त जाताना लावायचा. या पोराला ते अजून साधलेलं नाही. येता-जाता दाबतोय, आणि कड मधे फुगीर राहतेय. दहावीचा निकाल लागून काही महिनेच झालेत त्याच्या, डिप्लोमाला नवा आहे.

(दृश्य: गुण्या आणि जॉब खिडकीकडे धरलेले.)

एक कड सपाट झाली की तिला काटकोनात दुसरी. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावायचा, दोन्ही मिळून उजेडासमोर धरायचं. फट दिसली? पुन्हा कानस. सर काही बोलत नाहीत, जॉब तेवढा परत हातात ठेवतात.

मग मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. त्याचं पाणी पट्टीवर फिरवलं की लोखंडावर तांब्याचा पातळ थर बसतो आणि स्क्रायबरने, म्हणजे टोकदार सळईने, ओढलेली रेघ त्यावर लखलखीत उठते. दहावीत हीच अभिक्रिया 'विस्थापन' म्हणून पाठ केली होती सगळ्यांनी. इथे ती कापायची रेघ नीट दिसावी म्हणून वापरतात.

(दृश्य: मशीन शॉप. लेथवरची नावाची पट्टी जवळून.)

लेथ म्हणजे जॉब गरागरा फिरवून तासणारं यंत्र. त्याच्या पट्टीवर नाव आहे किर्लोस्कर, गाव कर्नाटकातलं हरिहर. इथे जरा थांबू, कारण अभियंता कसा घडतो याचं आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण याच नावात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकार व्हायला गेले. रंगांधळे निघाले. मग यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तेच शिकवू लागले. बढतीत डावललं गेल्यावर नोकरी सोडून बेळगावला आले. भावाबरोबर सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, असा तेव्हा समज. नांगर पडून राहिले. १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. अभियांत्रिकीची पदवी या माणसाकडे नव्हती. हरिहरचा लेथ कारखाना त्याच घराण्याने काढलेला.

(दृश्य: लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, फिरणारा जॉब, सुटणारी चकचकीत चूर.)

दहावीनंतर अभियंता व्हायला दोन रस्ते आहेत. एक सगळ्यांना ठाऊक: अकरावी-बारावी सायन्स, एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा, २०० गुण, त्यातले निम्मे गणिताचे. दोन वर्षं क्लास, मग ४ वर्षं पदवी.

दुसरा तुम्ही पाहताय. दहावीच्या गुणांवर ३ वर्षांचा डिप्लोमा, प्रवेश परीक्षा नाही. परीक्षा राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या किंवा स्वायत्त संस्थेच्या स्वतःच्या. डिप्लोमानंतर पदवीला थेट दुसऱ्या वर्षात, म्हणजे आणखी ३ वर्षं. ३ आणि ३, सहा. २ आणि ४, तेही सहाच. वर्ष वाया जातं म्हणणाऱ्या काकांना एवढा हिशोब सांगा. आयटीआय केलेल्यांना डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात यायची वाट आहे, ती वेगळीच. आणि पदवीला नाही गेलं, तरी हातात अशी पात्रता असते, जिच्यावर सरकारी खात्यांत कनिष्ठ अभियंत्याच्या जागा भरतात.

तरीही घरोघरी वाक्य एकच: "टक्के कमी पडले, म्हणून डिप्लोमाला टाकलं." टाकलं! ९० टक्केवाला पोरगा आवडीने इथे आला, तरी शेजारी हळहळतात.

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला गणित अंगावर येतं, काही जणांचे विषय तिथे राहतात. आणि डिप्लोमावर लागलेल्या नोकरीचा पहिला पगार बेताचाच असतो.

(दृश्य: व्हर्नियरने जॉब मोजणारी मुलगी.)

व्हर्नियर या मोजपट्टीवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजता येतं. तिचा व्यास मापात बसला. वहीत आकडा लिहून ती पुढच्या जॉबला लागली. संगणक शाखेचं इथे काही दिसणार नाही, आम्ही गेलो त्या दिवशी त्या प्रयोगशाळेला कुलूप होतं.

(दृश्य: कार्यशाळेचं दार, बाहेर पालक आणि मुलं.)

अर्ज तंत्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर, दहावीच्या निकालाच्या सुमारास सुरू होतात. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, जे लागू असेल ते निकालाआधीच काढून ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. आणि पसंतीक्रम भरण्याआधी एकदा कॉलेजात जाऊन या. माहितीपत्रक सगळेच देतात. तुम्ही कार्यशाळा दाखवा म्हणा, आणि लेथ चालू करून दाखवा म्हणा.