लेथवरून न उतरवता दिलेला रंग

मंडळी, लाकडी वस्तू घडवून झाली की मग रंग आणि पॉलिश, असा क्रम आपल्या डोक्यात पक्का बसलेला असतो. लाखकामात तसं चालत नाही. बंगळुरूहून म्हैसूरला जाताना वाटेत चन्नपट्टण लागतं, तिथले कातारी खेळणं लेथवर कातून झाल्यावर खाली उतरवत नाहीत. त्याच फिरत्या लाकडावर ते रंग चढवतात.

लाकूड बहुतेक काळ्या कुड्याचं. ते पांढरट, बारीक पोताचं असतं, त्यामुळे हलका पिवळाही त्यावर स्वच्छ उमटतो. पण ते पुरतं वाळलेलं हवं. ओल राहिली तर लाकूड नंतर आकसतं आणि वरच्या लाखेला तडे जातात.

लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या किड्यांनी सोडलेली राळ. ती निखाऱ्यावर मऊ करायची, तीत रंग घालायचा आणि कुटत, ताणत, पुन्हा दुमडत राहायचं. आतबाहेर एकच रंग दिसेपर्यंत हे चालतं. मग तिच्या कांड्या करतात.

आता नीट पाहा. लाकडावरून आधी पॉलिश पेपर फिरलेला असतो. ते गरगर फिरत असताना कातारी लाखेची कोरडी कांडी त्यावर दाबतो. घर्षणाने ऊब येते, लाख वितळते आणि लाकडाला धरते. दाब कमी पडला तर ती वितळतच नाही, फक्त घासली जाते. सुरुवातीला रंगाचे जाडेभरडे पट्टे दिसतात. मग वाळलेलं केवड्याचं पान घडी करून त्यावर टेकवतात. पान चिवट असतं आणि तेवढी उष्णता सोसतं. त्याखाली लाख पुन्हा मऊ होऊन सारखी पसरते आणि बघता बघता चकाकी येते. ब्रश नाही, थिनर नाही, वाळायची वाट पाहणं नाही! मला हे फार सुंदर वाटतं.

आपल्या सावंतवाडीची रीत वेगळी. तिथे खडू आणि चिंचोक्याची खळ यांचा थर देऊन त्यावर कुंचल्याने चित्र काढतात. गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, तीही तशीच तयार होते. त्यात चिताऱ्याचा हात दिसतो. लाखकामात कातणाराच रंगारी असतो. माझा ओढा लाखकामाकडे आहे, कारण आकार आणि रंग एकाच हाताने ठरवलेले असतात.

वापराबद्दल थोडं सांगतो. हळदीचा पिवळा आणि नीळ-हळदीचा हिरवा रंग उन्हात फिके पडतात, तेव्हा अशी खेळणी खिडकीत मांडू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून सॅनिटायझरने पुसू नका. कोरडं मऊ फडकं पुरे. आणि लाखेच्या ट्रेवर चहाचा गरम कप थेट ठेवलात, तर पांढरा डाग उठतो.