शिंपली उघडली, पण आच आत पोचली का?

म्हापशाच्या बाजारातून सकाळीच आणलेल्या तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या. तीन पाण्यांनी धुतल्या, रेती गेली. मामींनी त्या टोपात घालून वर झाकण ठेवलंय. थोड्याच वेळात आतून टकटक ऐकू येते. शिंपल्या तोंड उघडू लागल्यात.

"झाल्या गो," म्हणत मामींचा हात गॅसच्या बटणाकडे जातो.

मामी, जरा थांबा.

तिसऱ्या, शिनाणे, कालवं ही मंडळी पाणी गाळून त्यातलं अन्न खातात. खाडीत सांडपाणी मिसळलं की त्यातले विषाणूही त्यांच्या पोटात साठतात. वरून कितीही धुवा, ते निघत नाहीत. जिवंत शिंपल्या स्वच्छ पाण्यात ठेवल्या तर जीवाणू बरेचसे बाहेर पडतात, विषाणू मात्र चिकटून बसतात. 1988 साली शांघायमध्ये कच्च्या, अर्धकच्च्या शिंपल्यांमुळे सुमारे 3 लाख लोकांना हिपॅटायटिस ए झाला. नुसत्या अपुऱ्या शिजवण्यापायी एवढी माणसं काविळीनं अंथरुणाला खिळली, हे मनातून जात नाही.

हिपॅटायटिस ए आणि उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस, दोन्ही चिवट. करोनाच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणानं विरघळतं. या दोघांना ते आवरणच नाही. बाहेर प्रथिनांचं घट्ट कवच, आत आरएनएचा, म्हणजे त्याच्या जनुकीय माहितीचा धागा. म्हणून नोरोव्हायरसपुढे हाताचं सॅनिटायझर फारसं चालत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळले, तर तो मरत नाही, पण धुऊन जातो. फ्रीजरमध्ये तर हे विषाणू टिकूनच राहतात.

कवच मोडते ती उष्णता. तापल्यावर अंड्याचा पांढरा बलक बदलतो, तशीच या प्रथिनांची घडी विस्कटते. मग विषाणूला आपल्या पेशीला चिकटताच येत नाही. पण आच गाभ्यापर्यंत जायला हवी. शिंपल्यांच्या बाबतीत कसोटी अशी, की आतलं मांस 90 अंश सेल्सिअसवर 90 सेकंद राहायला हवं. शिंपली उघडते ती त्याच्या कितीतरी आधी, दोन्ही झडपा धरून ठेवणारा स्नायू सैल पडला म्हणून. शिजल्याची ती खूण नव्हे.

मामींनी हात मागे घेतला. उघडल्यावर आणखी तीन ते पाच मिनिटं खळखळ उकळू द्यायच्या, एवढंच.

आता आदोळी, म्हणजे विळी, आणि ओटा. कच्च्या शिंपल्यांचं पाणी तिथंही सांडलंय. आधी साबणानं घासून घ्यायचं, कारण मळ राहिला तर क्लोरीन त्या मळातच संपून जातं. मग ब्लीच: पाच टक्क्यांचं द्रावण असेल तर लिटरभर पाण्यात 20 मिलिलिटर, म्हणजे 1000 पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग क्लोरीन). क्लोरीन विषाणूचं कवचही बिघडवतं आणि आतला धागाही. त्याला वेळ मात्र लागतो. लावलं की पाच मिनिटं ओलंच ठेवायचं, मग साध्या पाण्यानं धुवायचं. घरात कुणाला उलटी झाली, तर ती जागाही अशीच साफ करायची. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

मामी घड्याळाकडे बघतात. पाच मिनिटं झाली. टोपात खोबऱ्याचं वाटण पडतं, वर दोन आमसुलं.