फिल्मवरचे दोन ठिपके

श्रोतेहो, नमस्कार. अन्न मुबलक असले की ई. कोलाय हा जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतो. एवढ्या वेगासाठी त्याच्या एका पेशीत प्रथिने घडवणारे सुमारे ७० हजार रायबोसोम राबत असतात. दुप्पट व्हायला १०० मिनिटे घेणाऱ्या पेशीत मात्र ते सात हजारांच्या आसपासच आढळतात. रायबोसोम बांधणे फार खर्चाचे काम आहे आणि तो खर्च चालू असेपर्यंत उपासमारीत तगवणाऱ्या प्रथिनांच्या वाट्याला थोडेच येते. पुन्हा सांगतो, वाढ आणि बचाव या दोहोंना पुरवठा एकाच शिदोरीतून होतो.

मग अन्न आटू लागल्यावर हा खर्च रोखतो कोण? ते कोडे सुटू लागले त्याची हकिकत मला फार आवडते. प्रथिने ज्यांपासून घडतात त्या अमिनो आम्लांचा पुरवठा तुटला की साधा ई. कोलाय रायबोसोमसाठी लागणारा आरएनए बनवणे लगेच आवरता घेई; एक उत्परिवर्तित वाण मात्र काही घडलेच नाही अशा थाटात तो बनवतच राही. त्याला ‘रिलॅक्स्ड’, म्हणजे निवांत, असेच नाव पडले होते. १९६९ साली मायकेल कॅशेल आणि जोनाथन गॅलंट यांनी दोन्ही वाणांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला, त्यांचा अमिनो आम्लांचा पुरवठा तोडला, पेशींतील रेणू क्रोमॅटोग्राफीने वेगळे केले आणि त्यांचा ठसा फिल्मवर घेतला. साध्या जिवाणूच्या ठशात, कोणाच्या ध्यानीमनी नसलेले, दोन नवे ठिपके उमटले होते. निवांत वाणाच्या ठशात ती जागा कोरीच होती. त्या ठिपक्यांना ‘मॅजिक स्पॉट’ म्हणू लागले. पुढे त्यांतल्या एका रेणूला मिळालेले ‘पीपीजीपीपी’ हे नाव अचूक असेल, पण ते उच्चारताना माझी जीभ दर वेळी अडखळते, आणि नाव ठेवणाऱ्यांनी ते एकदा मोठ्याने म्हणून पाहायला हवे होते असे मला राहून राहून वाटते.

तर हा रेणू आरएनए बनवणाऱ्या विकरालाच चिकटतो, रायबोसोमचे बांधकाम मंदावतो आणि अमिनो आम्ले स्वतः तयार करण्याकडे व तग धरण्याकडे सामग्री वळवतो. बांधकाम मंदावते, बचावाला बळ मिळते. पेनिसिलीन पेशीभित्तिकेच्या चालू बांधकामावर घाव घालत असल्यामुळे अशा मंदावलेल्या पेशी त्याच्या तडाख्यातून पुष्कळदा सुटतात. हा रेणू मुळीच बनवता न येणारा ई. कोलायही पुढे प्रयोगशाळेत तयार करण्यात आला. नुसती साखर आणि क्षार असलेल्या ज्या माध्यमात साधा ई. कोलाय सहज वाढतो, तिथे तो अमिनो आम्ले आयती पुरवल्याशिवाय वाढतच नाही.