पावसातले 36 अँपिअर

या चित्रफितीत दिसणारी, कुर्ल्याच्या एका अरुंद गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली, बॉनेट उघडून उभी असलेली ही प्रीमियर पद्मिनी 1976 सालची आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातल्याच कारखान्यात ती घडली आणि जवळजवळ अर्धशतकानंतर, पावसाळ्यात बॅटरी उतरण्याच्या दुखण्यावर दुरुस्तीसाठी, पुन्हा कुर्ल्यातच आली आहे. 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या टॅक्सींच्या ताफ्यात एकही पद्मिनी उरलेली नाही. ही गाडी मात्र कधी टॅक्सी नव्हती. माझ्या वडिलांनी नाव नोंदवून, वर्षानुवर्षे वाट पाहून ती घेतली होती आणि आज ती माझ्याकडे आहे.

बाहेरून ती जशीच्या तशी दिसत असली, तरी बॉनेटखाली तिचे मूळ 1089 सीसीचे पेट्रोल इंजिन नाही. नव्वदच्या दशकात डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते, खुद्द कंपनीनेही त्या काळात 137डी नावाने डिझेल पद्मिनी बाजारात आणली होती आणि वडिलांनीही तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे भंगारात निघालेल्या एका गाडीचे डिझेल इंजिन हिच्यात बसवून आरसी बुकात तशी नोंद करून घेतली. आज असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली येतो आणि आरटीओच्या पूर्वपरवानगीशिवाय तो करता येत नाही, हे कोणाच्या मनात तसा विचार असल्यास आधी ध्यानात घ्यावे.

इंजिन बदलले, पण वीज निर्माण करण्याची व्यवस्था पेट्रोलच्या काळातलीच राहिली. मिस्त्रींनी जुना डायनमो नव्या ब्रॅकेटवर चढवला आणि तोच पट्टा, तीच वायर, आणि डायनमो थांबला की त्याला बॅटरीपासून तोडणारा तोच कटआउट वापरला. पुढची अनेक वर्षे आमच्या घरात पावसाळा आणि उतरलेली बॅटरी यांची सांगड बसली. इमारतीच्या फाटकाशी शेजाऱ्यांनी गाडीला मारलेले धक्के मला लहानपणापासून आठवतात.

डायनमोची अडचण त्याच्या रचनेतच आहे. त्यात वीज तयार होते ती फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये, आणि ती सगळीच्या सगळी कम्युटेटरवर घासणाऱ्या कार्बनमधून बाहेर काढावी लागते. त्यामुळे तो फार वेगाने फिरवता येत नाही, कारण वाइंडिंग उचकटते आणि कम्युटेटर जळतो. म्हणून त्याची पुली मोठी ठेवतात, आणि पुली मोठी असल्यामुळे इंजिन स्लोवर, म्हणजे रेस न देता नुसते चालू असताना, तो जवळजवळ काहीच देत नाही. डायनमोची जागा पुढे ज्याने घेतली त्या अल्टरनेटरमध्ये हे उलटे आहे. वीज स्थिर असलेल्या बाहेरच्या वाइंडिंगमध्ये तयार होते, फिरणाऱ्या रोटरला चुंबकत्व येण्यासाठी फक्त तीन-चार अँपिअरचा फील्ड करंट द्यावा लागतो, आणि त्यामुळे तो दहा-बारा हजार फेऱ्यांनीही निर्धास्त फिरतो. तयार झालेल्या एसी विजेचे डीसीत रूपांतर आतले डायोड करतात.

वडिलांच्या पश्चात मी डायनमो काढून 75 अँपिअरचा अल्टरनेटर बसवला आणि प्रश्न सुटला असे मानून चाललो. तो सुटला नव्हता. पहिल्याच जुलैत, सायनहून दादरला येताना हिंदमाताजवळ पाणी साचल्यामुळे तासाभरापेक्षा जास्त वेळ अडकलो, कसाबसा घरी पोहोचलो, आणि सकाळी सेल्फ दिला तेव्हा बॉनेटखालून फक्त सोलेनॉइडची टकटक ऐकू आली.

डिझेल इंजिनाचा एक स्वभाव इथे सांगायला हवा, कारण तो माणसाला गाफील ठेवतो. पेट्रोल इंजिनात चार्जिंग थांबले की काही वेळाने ठिणगी कमजोर होते, इंजिन अडखळते आणि चालकाला कळते. यांत्रिक पंप असलेले जुने डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की त्याला विजेची गरज जवळजवळ उरतच नाही. पंपावरच्या, डिझेलची वाट उघडी ठेवणाऱ्या स्टॉप सोलेनॉइडला लागणारा एखादा अँपिअर सोडला तर बॅटरी रिकामी होत असतानाही ते तितक्याच समाधानाने धडधडत राहते. बिघाड समजतो तो दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हा वीस पटींहून अधिक कॉम्प्रेशन असलेले इंजिन फिरवायला बॅटरीत दम उरलेला नसतो.

डिझेलचा सेल्फच बॅटरी खातो, असा सर्वसाधारण समज आहे. मीही तेच मानत होतो. गॅरेजमधल्या इलेक्ट्रिशियन काकांनी मला हिशेब करायला लावला. इंजिन सुरू करण्यापूर्वी सिलिंडर तापवणारे ग्लो प्लग, ज्यांना गॅरेजमध्ये सरसकट हीटर म्हणतात, ते चार. प्रत्येकी 12 अँपिअर धरले आणि मुंबईच्या उबदार हवेत त्यांना 10 सेकंद दिले. त्यानंतर सेल्फने 250 अँपिअर 4 सेकंद घेतले. या सगळ्याची बेरीज अर्धा अँपिअर-तासही (एक अँपिअर तासभर म्हणजे एक अँपिअर-तास) होत नाही. 70 अँपिअर-तासांच्या बॅटरीला हा खर्च किरकोळ आहे.

खरा खर्च पावसाळी रात्रीच्या वाहतूक कोंडीत होतो. दोन हेडलाइट 9 अँपिअर, मागचे आणि डॅशबोर्डचे दिवे 3, वायपर 4, काचेवरचा ब्लोअर 6, नव्या रेडिएटरचा विजेवरचा पंखा 10, ब्रेकवर सतत पाय असल्यामुळे ब्रेकलाइट 3 आणि स्टॉप सोलेनॉइड 1. एकूण 36 अँपिअर. हॉर्न यात धरलेला नाही.

आता बॅटरीच्या केबलभोवती लावलेल्या या क्लॅम्प मीटरकडे पाहा. हा लॅमिंग्टन रोडवरून आणलेला डीसी करंट मोजणारा मीटर आहे. फक्त एसी मोजणारा स्वस्त क्लॅम्प या कामाला निरुपयोगी असतो. इंजिन मिनिटाला 750 फेऱ्यांवर आहे, सगळे दिवे आणि पंखे चालू आहेत, आणि मीटरवर आकडा आहे उणे 14. म्हणजे 75 अँपिअरचा म्हणून घेतलेला अल्टरनेटर या क्षणी 22 अँपिअर देतो आहे आणि उरलेले 14 बॅटरीतून जात आहेत. असेच दोन तास गेले की 28 अँपिअर-तास संपतात. अल्टरनेटरवर छापलेला आकडा हा त्याच्या भरधाव फेऱ्यांचा असतो. मुंबईतल्या गाडीने मात्र तो स्लोवर किती देतो, हे पाहावे.

काकांचे त्या वेळचे वाक्य मी लिहून ठेवले आहे. ते म्हणाले, “साहेब, तुम्ही टाकी मोठी बसवलीत, पण नळ तोच ठेवलात आणि पंपही तितकाच हळू फिरतोय.”

त्यांनी सुरुवात नळापासून, म्हणजे वायरीपासून केली. अल्टरनेटरच्या बी टर्मिनलवर, म्हणजे जिथून वीज बाहेर पडते तिथे, 14.3 व्होल्ट होते आणि बॅटरीच्या खुंटीवर 13.4. मधले 0.9 व्होल्ट डायनमोच्या काळातल्या बारीक वायरीत आणि निकामी झालेल्या कटआउटच्या पेटीतून जाणाऱ्या जोडांत उष्णता होऊन जात होते. ती वायर सोलली तेव्हा आतले तांबे काळे-हिरवे पडलेले दिसले. मुंबईची खारी, दमट हवा इन्सुलेशनच्या आतपर्यंत शिरते. कटआउटची पेटी पूर्णपणे वगळून 16 चौरस मिलिमीटरची नवी केबल फ्यूजसह थेट बॅटरीपर्यंत नेली, तिच्या दोन्ही टोकांना कथिलाचा मुलामा असलेले लग दाबून बसवले आणि वर हीट-श्रिंक नळी चढवली. बॅटरीवर 14.2 व्होल्ट मिळू लागले.

त्याच दिवशी एक धोकादायक गोष्ट उघडकीस आली. अॅक्सिलरेटरच्या केबलचे प्लास्टिकचे आवरण एका ठिकाणी वितळून बॉडीला चिकटले होते. हे इंजिन रबरी माउंटिंगवर बसते आणि रबरातून वीज जात नाही. इंजिन बदलताना इंजिन ते बॉडी ही अर्थची पट्टी कोणीतरी लावायची विसरले होते, आणि सेल्फचे शेकडो अँपिअर परतीच्या वाटेने त्या पोलादी तारेतून जात होते. इतकी वर्षे गाडी पेटली नाही, हे आमचे नशीब. इंजिन बदललेल्या कोणत्याही गाडीत मी आता सर्वप्रथम ही पट्टी शोधतो.

नंतर पुली. क्रँकची पुली 135 मिलिमीटरची आणि अल्टरनेटरची 68, म्हणजे इंजिनाच्या एका फेरीला अल्टरनेटरच्या जेमतेम दोन. पेट्रोल इंजिनाला हे प्रमाण चालून जाते, कारण ते वर सहा हजारांपर्यंत पळते. हे डिझेल 4500 च्या वर जात नाही, त्यामुळे छोटी पुली लावायला भरपूर वाव होता. लेथवर 56 मिलिमीटरची पुली तयार करून घेतली. प्रमाण 2.4 झाले आणि इंजिनाच्या कमाल वेगालाही अल्टरनेटर 10,850 फेऱ्यांच्या आसपासच राहतो, जे त्याच्या मर्यादेच्या बरेच आत आहे. पुली लहान झाली की पट्ट्याची मिठी कमी होते आणि भार पडताच तो किंचाळतो. म्हणून ब्रॅकेट थोडे सरकवून पट्टा पुलीला अधिक वेढेल असे केले आणि पट्ट्याचा ताण अंगठ्याने दाबल्यावर 10-12 मिलिमीटर दबेल इतका ठेवला. स्लोवर 31 अँपिअर मिळाले. मग पंपाच्या स्क्रूने स्लो 850 वर आणला आणि मीटरचा आकडा अधिक 1 झाला.

इथे काकांनी मला उत्साहाच्या भरात थांबू दिले नाही. थंड इंजिनावरचे माप खरे नसते, कारण वाइंडिंग तापले की तोच अल्टरनेटर कमी देतो. अर्धा तास इंजिन चालवून मोजले तर आकडा उणे 2 वर आला. मग एक्झॉस्ट आणि अल्टरनेटर यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा लावला, आणि सतत फिरणारा रेडिएटरचा पंखा थर्मोस्टॅटच्या स्विचवर घेतला, जेणेकरून तो गरज असेल तेवढाच फिरेल. तूट भरून निघाली.

डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या लाल दिव्याबद्दलही सांगतो. मी हौसेने तिथे एलईडी बसवली होती. अल्टरनेटर जागा होण्यासाठी लागणारा सुरुवातीचा फील्ड करंट याच दिव्यातून जातो आणि त्यासाठी दोन-तीन वॅटचा साधा बल्ब लागतो. एलईडीतून तेवढा करंट जात नाही, म्हणून सकाळी जोरात रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरूच होत नसे. जुना बल्ब परत बसवला.

आणि ज्यांना भंगार बाजारातून डिझेल गाडीचा अल्टरनेटर घ्यायचा आहे त्यांनी त्याची मागची बाजू नीट पाहावी. डिझेलमध्ये आत येणारी हवा अडवणारी झडप, म्हणजे थ्रॉटल, नसल्यामुळे ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या ब्रेक बूस्टरसाठी व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून अनेक अल्टरनेटरच्या शेपटीला व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो आणि त्याला इंजिनाचे ऑइल लागते. पद्मिनीच्या ब्रेकला बूस्टर नाही, त्यामुळे आम्ही बिनपंपाचा अल्टरनेटर घेऊ शकलो. ज्या गाडीला बूस्टर आहे तिथे मोठ्या अल्टरनेटरच्या मोहात हा पंप गमावणे म्हणजे ब्रेकचा जोर गमावणे, आणि पंप ठेवून ऑइलची नळी न जोडणे म्हणजे तो काही दिवसांत जाम होणे.

हे शेवटचे चित्रण जुलैतल्या एका रात्रीचे आहे. हिंदमाताजवळ पुन्हा पाणी साचले आहे, वायपर, दिवे, ब्लोअर सगळे चालू आहे आणि डॅशबोर्डखाली बसवलेल्या छोट्या व्होल्टमीटरचा काटा एक तास चाळीस मिनिटे 13.8 वर आहे. सकाळी सात वाजता, इंजिन सुरू करण्यापूर्वी, बॅटरीवर 12.6 व्होल्ट होते.