फलाटावरचा जवान

(दृश्य: नागपूर रेल्वे स्टेशन, रात्रीची गर्दी)

दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे देशातले दोन मोठे रेल्वेमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. संत्र्यांपासून सैनिकांपर्यंत सगळं इथून जातं. माणसं विकणारेही याच गाड्या धरतात. कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटच्या केंद्रातून सुटीवर निघालेला जवान त्याच गर्दीत उभा असतो. माणसांची तस्करी ओळखायला जवानांना शिकवायचं, तर त्याला इथं काय दिसायला हवं?

चार-पाच पोरं, सोबत एकच माणूस. सगळ्यांची तिकिटं, आधार कार्डं त्याच्याच खिशात. ‘कुठं निघालात रे?’ विचारलं, की पोरं आधी त्याच्या तोंडाकडे बघतात. एवढ्यावरून गुन्हा ठरत नाही. पोटासाठी निघालेलं कुटुंबही असंच दिसू शकतं. म्हणून जवानाला आधी शिकवावं लागतं ते हात आवरायला. तिथंच कॉलर धरली, तर तो म्हणेल, ‘भाचे आहेत माझे,’ आणि घाबरलेली पोरं माना डोलावतील. तपास पोलिसांचा. जवानानं डबा, कपडे, चेहरा ध्यानात ठेवायचा आणि आरपीएफला (रेल्वे सुरक्षा दलाला) किंवा रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर कळवायचं. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच. आरपीएफची ‘ऑपरेशन आहट’ ही मोहीम याचसाठी आहे. पोरगं ‘मी खुशीनं आलो’ म्हणालं, तरी कळवायचं. भारतीय न्याय संहितेच्या तस्करीविषयीच्या कलम १४३ मध्ये पीडिताच्या संमतीनं गुन्हा पुसला जात नाही.

(दृश्य: कामठी, छावणीचा रस्ता)

हा सोपा भाग. अवघड आहे तो गिऱ्हाइकाचा.

सैन्यांनी हा विषय हाती घेतला तो काही परोपकारातून नाही. बोस्निया, कोसोवोत परदेशी फौजा उतरल्या आणि विकून आणलेल्या बायका-मुलींचे अड्डे वाढले. गिऱ्हाइकांत वर्दीवालेही होते. २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नियम काढला: पैसे देऊन शरीरसंबंध नाही, १८ वर्षांखालच्या व्यक्तीशी तर मुळीच नाही, आणि ‘वय ठाऊक नव्हतं’ ही सबब चालणार नाही. पुढच्याच वर्षी नाटोनं तस्करीविरोधी धोरण आणलं. शांतिसेनेत जाणाऱ्या भारतीय जवानालाही हीच शिस्त.

नागपुरात जवानांचा असा वर्ग घ्यायचा, तर गंगा-जमुना या इथल्या वेश्यावस्तीचं नाव टाळून चालणार नाही. दलाल कसा ओळखावा, हे लिहून घेताना वह्या भरतील. गिऱ्हाइकाचं निघालं, की खाली बघतील. तास लांबवायचा तो इथं. विचारायचं: त्या खोलीतल्या बाईचे पैसे घेतं कोण? आणि तिला निघून जायचं झालं, तर दार कोण अडवतं?