दहा वर्षं, पत्रव्यवहार बंद

(लेनिनग्राद, म्हणजे आजचं सेंट पीटर्सबर्ग. नेवा नदीच्या काठावरची संग्रहालयाची जुनी इमारत.)

१९३०च्या दशकात या इमारतीत एक भारतीय संशोधक काम करायचे. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय. सरोजिनी नायडूंचे धाकटे भाऊ, लंडनच्या इंडिया हाउसमधले सावरकरांचे सहकारी. इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून ते देशोदेशी फिरले. शेवटी सोव्हिएत रशियात आसऱ्याला आले.

जुलै १९३७मध्ये त्यांना याच शहरात उचललं. २ सप्टेंबरला गोळी घातली.

त्या उन्हाळ्यात काय चाललं होतं, हे एका कागदावरून कळतं. गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव याचा हुकूम क्रमांक ००४४७, तारीख ३० जुलै. त्यात प्रांतवार कोटा नेमून दिला होता. किती जणांना गोळी, किती जणांना सक्तमजुरीची छावणी. गोळीचा पहिला आकडा होता ७५,९५०. माणसं अजून पकडायची होती, नावं ठरायची होती. आकडा मात्र ठरला होता! प्रांतांतले अधिकारी मॉस्कोला लिहून कोटा वाढवून मागत. आपण ढिले दिसलो तर उद्या आपलाच नंबर, ही भीती प्रत्येकाला होती. शिक्षा ठरवायला तिघांची समिती बसायची. वकील नाही, बहुतेकदा आरोपीही समोर नाही. बड्या लोकांच्या याद्या थेट स्टालिनकडे जात. त्याच्या आणि त्याच्या निकटवर्तीयांच्या सह्या झालेल्या अशा ३८३ याद्या आज उपलब्ध आहेत.

सोव्हिएत दप्तरानुसार १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत ६,८१,६९२ माणसांना गोळ्या घातल्या. पुढे १९४०मध्ये येझोवलाही.

(तुरुंगाची भिंत. बायकांची रांग.)

मला राहून राहून आठवते ती ही रांग. हातात पुडकं घेऊन बायका तासन्‌तास उभ्या राहत. खिडकीतून पुडकं आत घेतलं, म्हणजे माणूस अजून आहे. मग एक दिवस आतून उत्तर यायचं: ‘दहा वर्षं, पत्रव्यवहाराचा हक्क नाही.’ बहुतेकांच्या बाबतीत तोवर गोळी घालून झालेली असायची. घरचे मात्र वर्षं मोजत बसत. १९५५मध्ये तर लेखी सूचनाच निघाली, की नातेवाइकांना ‘छावणीत मरण पावला’ असं सांगावं. मग मृत्यूच्या दाखल्यावर खोटी तारीख आणि एखादा आजार लिहिला जाई. खरी तारीख कळायला अनेक घरांना १९८९ उजाडलं.

(लेवाशोवो. शहराबाहेरचं जंगल.)

मारलेल्यांना रात्री इथं आणून पुरलं जाई. कुणाचा खड्डा कुठला, हे घरच्यांना ठाऊक नाही. म्हणून त्यांनी झाडं निवडली आहेत. खोडाखोडावर आपल्या माणसाचा फोटो आहे, खाली नाव आणि दोन सालं.