पट्टी चांगल्या डोळ्यावर

नमस्कार श्रोतेहो.

मूल टीव्ही बघतं, जमिनीवरची टाचणी उचलतं, लांबून येणारी आजी ओळखतं. मग त्याची नजर अधू असेल, अशी शंका कुणाला यावी? आळशी डोळ्याची खरी अडचण हीच आहे. एक डोळा सगळा कारभार सांभाळतो आणि दुसरा मागे पडलाय, हे मुलालाही कळत नाही.

डोळा दिसायला बहुधा धडधाकट असतो. पण त्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असेल, तो तिरळा असेल किंवा त्यात जन्मतः मोतीबिंदू असेल, तर मेंदूकडे धूसर किंवा न जुळणारं चित्र जातं. मेंदू ते बाजूला सारतो. लहानपणीच ही घडण होते, हे ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं.

दोन डोळ्यांची सांगड बसली नाही की अंतराचा अंदाज चुकतो. झेल सुटतो, पाणी पेल्याबाहेर सांडतं, मणी ओवायला वेळ लागतो, वाचन संथ होतं. मग घरात 'धांदरट' म्हणून शिक्का बसतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्यात त्या लेकराचा काडीचाही दोष नसतो.

उपचार चष्म्यापासून सुरू होतो. काहींना तेवढाच पुरतो. नाहीतर पट्टी, आणि तीही चांगल्या डोळ्यावर. "चांगला डोळा का झाकायचा?" असं आया काकुळतीने विचारतात. दुबळ्या डोळ्याला काम पडावं म्हणून. दोष मध्यम असेल तर रोज दोन तास बहुतेकदा पुरतात. त्या वेळात चित्र रंगवू द्या, शेंगा सोलू द्या. पट्टी चष्म्याच्या काचेवर नको, त्वचेवर चिकटवा. मुलं कडेने हळूच बघतात. पट्टी अजिबात सोसत नसेल तर चांगल्या डोळ्याची नजर तात्पुरती धूसर करणारे थेंबही असतात, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

सात वर्षांच्या आत उपचार झाले तर उत्तम. मात्र मूल दहा-बारा वर्षांचं झालं म्हणून हात टेकू नका, त्या वयातही बऱ्याच मुलांची नजर सुधारते.

'तिरळा डोळा लकी असतो', 'मोठेपणी सरळ होईल' असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. घरी एकेक डोळा तळहाताने झाका. एक डोळा झाकला तर मूल शांत, पण दुसरा झाकताच हात ढकलू लागलं, रडलं, तर लगेच तपासणीला न्या. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही सांगा. आणि डोळ्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, मग ती मोबाइलच्या फोटोत का असेना, तर एक दिवसही थांबू नका.